जुन्या पिकअपचा एक्झॉस्ट सुधारायचाय? आधी गाडी कुठे कोंडतेय ते शोधा

सेकंडहँड टाटा 207 किंवा जुनी बोलेरो पिकअप घेतली की पहिल्या महिन्यातच दोन सल्ले फुकट मिळतात. एक, "एअर फिल्टर काढून टाका, गाडी पळेल." दुसरा, "मोठा पाइप टाकून सायलेन्सर मोकळा करा, घाटात उचलेल." पहिला सल्ला ऐकून सोडून द्या, विनाफिल्टर इंजिन चाकण-भोसरीची धूळ खाऊन रिंगा झिजवून घेतं. दुसऱ्यात मात्र थोडं तथ्य आहे, आणि हा लेख तेवढ्यापुरताच आहे.

अपेक्षा आधी ठरवून घेऊ. टर्बो नसलेल्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनाची ताकद मुख्यतः पंप किती डिझेल सोडतो यावर ठरते. एक्झॉस्ट मोकळा झाला म्हणून पंप जास्त डिझेल देत नाही. फरक पडतो तो असा: सिलिंडरमध्ये मागे राहणारा जळका वायू कमी होतो, त्या जागी ताजी हवा येते, आणि तेवढंच डिझेल जास्त नीट जळतं. धूर कमी होतो, भरलेल्या गाडीला चढावर दम लागणं कमी होतं, मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरमधला धूर गोळा करून पाइपात सोडणारा ओतीव भाग, कमी तापतो. आधीचा सायलेन्सर आतून कोसळलेला असेल तर हा फरक पहिल्याच चढावर कळतो. आधीचा धड असेल तर हजारो रुपये घालूनही हाती फक्त आवाज येतो. म्हणून नवीन पाइपची चौकशी करण्याआधी जुना पाइप खरंच कोंडलाय का, हे मोजायचं.

कोणत्या गाडीला हे लागू आहे तेही सांगतो. टेल्कोची (आताची टाटा मोटर्स) टाटा मोबाइल 1988 साली आली, पुण्याच्याच कारखान्यातून. तिच्यापासून निघालेली 207, पुढे 2956 सीसी इंजिनाची 207 डीआय, आणि 2523 सीसी डीआय इंजिनाच्या बोलेरो पिकअप व कॅम्पर, या सगळ्या आपल्या कामाच्या. गाडी बीएस-2, बीएस-3 की बीएस-4 हे आरसीवर पाहा. बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या प्रदूषणाची सरकारी पायरी. पुण्यासह 13 शहरांत बीएस-4 नियम 2010 साली लागू झाले, देशभर 1 एप्रिल 2017 पासून. त्यामुळे गाडीच्या वयावरून अंदाज बांधला तर चुकू शकतो. बीएस-6, म्हणजे 1 एप्रिल 2020 नंतरची गाडी असेल तर इथेच थांबा. तिच्या एक्झॉस्टमध्ये धूर गाळणारी यंत्रणा आणि सेन्सर बसलेले असतात, ते घरच्या घरी हात लावायचं प्रकरण नाही. बीएस-3 आणि बीएस-4 गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट, धुरातले घातक वायू कमी करणारा डबा) आणि ईजीआर (थोडा जळका वायू परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) असेल तर तो तसाच ठेवायचा. "कॅट काढून टाकू, मोकळं होईल" असं म्हणणारा भेटेलच. कॅट काढून गाडी चालवणं बेकायदा आहे. तो खरोखर चोंदला असेल तर बदलायचा.

दोष एक्झॉस्टचाच आहे का?

गाडी ओढत नाही, काळा धूर मारते, म्हणून लोक सायलेन्सरवर घसरतात. पण काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडतेय, आणि त्याची पहिली संशयित एअर फिल्टर. ती बदला. मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, सेट करून घ्या. मग नोझल काढून डिझेल पंपवाल्याकडे प्रेशर आणि स्प्रे तपासून घ्या. नोझल ठिबकत असेल तर तुम्ही चांदीचा पाइप घातलात तरी धूर तसाच राहील. टर्बो असलेल्या गाडीत इंटरकुलरचे होज फाटलेत का, क्लॅम्प सैल आहेत का ते पाहा. निळसर धूर असेल तर तेल जळतंय, आणि ते काम इंजिनवाल्याचं आहे.

एवढं झाल्यावरही गाडी दमत असेल तर गाडीखाली जा. इंजिन थंड असताना सायलेन्सरवर रबरी हातोडीने टकटक करा. आत काही खुळखुळलं तर बॅफल, म्हणजे आतले पडदे, तुटलेत. अंगठ्याने दाबून पाहा, पत्रा आत जातोय का. शिवणीजवळ, खालच्या बाजूला गंजाचे फुगे दिसतील. डिझेल जळताना पाणी तयार होतं, छोट्या फेऱ्यांत ते सायलेन्सरमध्येच साचतं, आणि जुन्या काळच्या डिझेलमधल्या गंधकामुळे ते आम्ल व्हायचं. मार्केट यार्ड ते बिबवेवाडी एवढंच धावणाऱ्या गाडीचा सायलेन्सर कोल्हापूरला जाणाऱ्या गाडीपेक्षा आधी सडतो, तो यामुळे. पुढच्या पाइपचा काही भाग दुहेरी पत्र्याचा असेल तर आतला थर कोसळून बाहेरून काहीच न दिसण्याचाही प्रकार होतो, आणि तो डोळ्यांनी सापडत नाही.

गळती शोधायला थंड इंजिन चालू करून आयडलवर ठेवा आणि पेटती अगरबत्ती प्रत्येक जोडाजवळून हळूहळू फिरवा. धूर बाजूला उडाला की तिथे गळती. डिझेलच्या पाइपपासून लांब, आणि उघड्यावर. मॅनिफोल्डच्या गॅस्केटजवळ काजळीचे काळे फराटे दिसले, किंवा सकाळी स्टार्ट केल्यावर टिकटिक येऊन गाडी तापल्यावर ती गेली, तर गॅस्केट फुटलंय किंवा मॅनिफोल्डला चीर आहे. लोखंड तापून फुगलं की चीर बंद होते, म्हणून आवाज जातो. गेला म्हणून निश्चिंत होऊ नका.

कोंडी मोजायची कशी

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. एक्झॉस्ट पाइपमधला उलटा दाब, म्हणजे बॅक प्रेशर, मोजायला महागडं उपकरण लागत नाही. पारदर्शक प्लॅस्टिक नळी घ्या, मत्स्यालयाच्या दुकानात किंवा बोहरी आळीत मिळते. ती इंग्रजी यू अक्षरासारखी लाकडी फळीवर बांधा, दोन्ही बाजू दीड-दीड मीटर ठेवा, निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरा. शेजारी टेप चिकटवा. झाला मॅनोमीटर. दोन बाजूंच्या पाण्याच्या उंचीत 70 सेंटिमीटर फरक आला की दाब साधारण 1 पीएसआय, आणि 1 मीटर फरक आला की साधारण 10 किलोपास्कल.

पाइपला हे जोडायचं कुठे? मॅनिफोल्डनंतर, टर्बो असेल तर टर्बोनंतर, आणि सायलेन्सरच्या आधी, पाइपच्या सरळ भागावर. तिथे एक नट वेल्ड करून मधून छोटं भोक पाडा. नंतर त्यात बोल्ट घट्ट बसवला की कायमचा चाचणीबिंदू तयार. नटापासून निदान एक मीटर तांब्याची नळी, आणि तिच्या पुढे प्लॅस्टिकची. प्लॅस्टिक थेट जोडलंत तर ते वितळेल. मॅनोमीटरच्या उघड्या टोकाला रिकामी बाटली अडकवा, म्हणजे दाब जास्त निघाला तरी पाणी तुमच्या तोंडावर येणार नाही.

इंजिन नीट तापवा. आयडलवर फरक जवळजवळ दिसणार नाही. मग मदतनिसाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून दोन-तीन सेकंद धरायला सांगा आणि आकडा टिपा. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा थ्रॉटल नसतो, त्यामुळे गाडी उभी असतानाही जास्त आरपीएमला ते जवळपास पूर्ण हवा ओढतं. फक्त वायू थंड असतो. म्हणजे भरलेली गाडी कात्रजच्या चढावर असताना खरा दाब तुम्ही मोजलात त्याहून जास्त असणार, हे धरून चाला. गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये मर्यादा दिली असेल तर तिच्याशी ताडून पाहा.

खरी गंमत पुढे आहे. सायलेन्सरच्या आधीचा जोड सैल करून सायलेन्सर बाजूला करा आणि तोच प्रयोग पुन्हा करा. दाब धाडकन उतरला तर दोषी सायलेन्सर किंवा त्याच्या मागचा पाइप. फारसा उतरला नाही तर कोंडी चाचणीबिंदू आणि त्या जोडाच्या मधल्या भागातच आहे, मग नवा सायलेन्सर घेऊन उपयोग नाही. हे करताना आवाज भयंकर होतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, तेही दुपारी एक ते चार, हा प्रयोग करू नका.

पाइप किती मोठा

इथे लोकांचा हात सैल सुटतो. "अडीच इंची टाका, तीन इंची टाका." जरा हिशेब करून पाहू.

2523 सीसीचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा सगळे सिलिंडर भरतं. 3000 आरपीएमला, भरण्यातली तूट धरून, ते मिनिटाला साधारण 3200 लिटर हवा ओढतं. एक्झॉस्टमधून ती 500 अंश सेल्सियसच्या आसपास तापून बाहेर येते, म्हणजे आकारमान अडीचपट, 8000 लिटरांच्या पुढे. बाहेरून दोन इंची पाइप घेतला तर आतला व्यास 48 मिलिमीटर उरतो, आणि वायू त्यातून सेकंदाला 75 मीटरच्या आसपास वेगाने धावतो. सव्वादोन इंची घेतला, आतून 54, तर वेग 60 वर येतो. अडीच इंचीत 50 च्याही खाली.

सरळ पाइपमधलं घर्षण व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात घटतं. त्यामुळे 48 वरून 54 मिलिमीटरला गेलात तरी पाइपमधला तोटा जवळपास निम्म्यावर येतो. मोठा फायदा या पहिल्या टप्प्यातच मिळून जातो. त्यापुढे मोठं करत गेलात तर पाइप जड, जागा कमी, चासीला आपटण्याची भीती जास्त, आणि केबिनमध्ये घुमणं वाढतं. तीन मीटर सरळ पाइप तसाही फार अडवत नाही. अडवतो तो सायलेन्सर, आणि चेपलेले बेंड.

माझं मत सरळ आहे. अडीच लिटरच्या, टर्बो नसलेल्या इंजिनाला सव्वादोन इंची पुरे. 207 डीआयच्या तीन लिटरला सव्वादोन किंवा अडीच. टर्बोनंतर जागा असेल तर अडीच घ्या, कारण टर्बाइनच्या मागचा दाब कमी झाला की टर्बो लवकर फिरतो. तीन इंची पाइप या गाड्यांत शोभेचा आहे.

मोठा पाइप टाकला म्हणून पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवण्याचा मोह होतो. करू नका. कोंडलेला एक्झॉस्ट तसाच ठेवून डिझेल वाढवणं म्हणजे मोरी तुंबलेली असताना नळ मोठा सोडणं. आणि मोकळ्या एक्झॉस्टवर वाढवलंत तरी धूर परत येतो, पिस्टन तापतात, पीयूसी जाते.

काय विकत घ्यायचं, कुठे

पुण्यात सुटे भाग नाना पेठेत. गॅस्केट, पाइप टांगायचे रबरी हँगर, फ्लेक्झिबल (पाइपचा लवचीक तुकडा), क्लॅम्प, कंपनीसारखाच तयार सायलेन्सर, सगळं तिथे मिळतं. जुनं गॅस्केट आणि जुना हँगर खिशात घालून जा. "207 चं द्या" एवढ्यावर दुकानदार तीन प्रकारची काढून ठेवतो. पाइप आणि पत्रा भवानी पेठेतल्या लोखंडवाल्यांकडे किंवा भोसरी एमआयडीसीच्या आसपास. बेंड काढून देणारेही भोसरी-चिंचवड पट्ट्यात सापडतात. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथून पाने घ्या हवं तर, पण सायलेन्सर घेऊ नका. आत काय उरलंय ते बाहेरून कळत नाही.

धातूचा विचार जरा शांतपणे करा. साधा एमएस (माइल्ड स्टील) पाइप स्वस्त, वेल्डिंगला सोपा, पुण्याच्या पावसात गंजणारा. जाडी 1.6 मिलिमीटरच्या खाली नको. 409 ग्रेडचं स्टेनलेस हेच एक्झॉस्टसाठी कंपन्या वापरतात. बाहेरून थोडं तांबूस होतं पण आरपार सडत नाही. 304 चकचकीत राहतं, महाग पडतं, आणि तापल्यावर जास्त वाढतं. तीन मीटर पाइप सरासरी 300 अंशांनी तापला तर एमएस सुमारे 11 मिलिमीटर लांबतो, 304 सुमारे 15. हँगर कडक असतील तर ही वाढ कुठेतरी चीर पाडूनच जागा करून घेते.

चुंबक खिशात ठेवा, पण त्याच्यावर विसंबू नका. 304 ला चुंबक चिकटत नाही, बरोबर. पण स्वस्त 202 लाही चिकटत नाही, आणि 202 हे 304 म्हणून गळ्यात मारणारे आहेत. 409 ला मात्र चिकटतो, त्यामुळे चुंबक चिकटला म्हणजे साधं लोखंड असंही नाही. खात्रीचा दुकानदार गाठा, बिलावर ग्रेड लिहून घ्या, आणि शंका आली तर रासायनिक थेंबाची चाचणी करून मागा.

नळकामाचा जीआय पाइप कधीही वापरू नका. घरात पडलेला असतो, मापही जुळतं, आणि वेल्डरही "चालतंय की" म्हणतो. त्यावर जस्ताचा थर असतो. वेल्ड करताना त्याचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

बेंडबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवा: मँड्रेल बेंड मागा. त्यात वाकताना पाइपच्या आत आधार असतो, म्हणून गोलाई टिकते. साध्या मशीनवर वाकवलेला पाइप वळणावर चेपतो. मग सव्वादोन इंची घेऊनही वळणावर तुमच्याकडे दोन इंचीपेक्षा कमी उरतं. मँड्रेल बेंड मिळत नसेल तर तयार बेंडचे तुकडे आणून जोडून घ्या. वळण जितकं कमी आणि जितकं मोठ्या गोलाईचं, तितकं चांगलं.

मॅनिफोल्डच्या जागी बसणारे पाइपचे चकचकीत हेडर मिळतात, त्यांचं काय? डिझेल पिकअपवर मला त्यांचं प्रयोजन दिसत नाही. ओतीव लोखंडी मॅनिफोल्ड उष्णता सोसतो, थरथर सोसतो, आणि वजन वाहणाऱ्या गाडीत वर्षानुवर्षं टिकतो. पातळ पाइपचा हेडर खड्ड्यांतून चिरतो. मॅनिफोल्ड धड असेल तर तोच ठेवा.

जुनं उतरवणं

आदल्या रात्री सगळ्या नट-स्टडवर गंज सोडवणारा स्प्रे मारा. सकाळी पुन्हा. गाडी सपाट जागी, पुढच्या-मागच्या चाकांना ठोकळे, आणि जॅकवर विसंबून खाली कधीही जायचं नाही, स्टँड लावा. जमलं तर खड्डा असलेल्या गॅरेजमध्ये जागा मागा. त्याचं कारण पुढे येतंय.

मॅनिफोल्डचे स्टड हा या कामाचा सगळ्यात चिवट भाग. सहा टोकी सॉकेट वापरा, बारा टोकी पान्याने कडा गोल होतात. नट आधी किंचित घट्ट करण्याच्या दिशेला हलवा, गंजाची पकड तुटली की मग सैल करा. हलत नसेल तर नट गॅसवर लाल होईपर्यंत तापवा, थोडं थंड होऊ द्या, मग प्रयत्न करा. आधी स्प्रे पुसून टाका आणि डिझेलचे पाइप ओल्या पोत्याने झाका, नाहीतर वेगळीच पळापळ होईल. स्टड हेडमध्येच तुटला तर छिन्नीने झटापट करू नका. मशीन शॉपवाल्याकडून काढून घेतलेलं स्वस्त पडतं.

मॅनिफोल्ड काढलाच असेल तर त्याच्या तोंडांवर पोलादी पट्टी ठेवून उजेड दिसतोय का पाहा. वाकलेला असेल तर फेसिंग करून, म्हणजे तोंडं मशीनवर सपाट करून आणा. नाहीतर नवं गॅस्केट तीन महिन्यांत फुटतं आणि दोष गॅस्केटवाल्याच्या माथी जातो.

नवं बसवताना

पाइप आधी फक्त टाके घालून जुळवायचा, सगळं जागेवर बसल्यावर काढून पूर्ण वेल्ड करायचा. आणि हे जुळवणं गाडीचं वजन चाकांवर असताना करायचं. म्हणूनच खड्डा. गाडी चासीवर उचललेली असली की मागचा धुरा लोंबतो, पाइप आणि धुऱ्यामध्ये हातभर जागा दिसते. मग हौद्यात टन-दीड टन माल पडतो, पाटे दबतात, धुरा वर येतो आणि पहिल्याच गतिरोधकावर पाइपला धडकतो. धुऱ्याच्या वरून जाणाऱ्या कमानीत धुरा बंपस्टॉपला टेकला तरी बोटभर जागा उरली पाहिजे. हे मोजूनच पाहा. प्रोपेलर शाफ्ट, ब्रेकचा पाइप, हँडब्रेकची केबल, स्टेपनी, डिझेल टाकी यांच्यापासूनही अंतर ठेवा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 113 इंधनाच्या पाइपपासून किमान 35 मिलिमीटर सांगतो. मी त्याच्या दुप्पट ठेवतो आणि टाकीजवळ पत्र्याची आडवी ढाल लावतो.

इंजिन त्याच्या रबरी माउंटिंगवर डुलतं, चासी मात्र जागेवर असते. त्यामुळे इंजिनाच्या जवळ एक फ्लेक्झिबल हवाच. तो पिळलेला किंवा ताणलेला बसवू नका. मोकळ्या अवस्थेत सरळ बसला पाहिजे. त्याच्या लगेच मागे पहिला हँगर, म्हणजे पाइपचं वजन फ्लेक्झिबलवर लटकत नाही. हँगर सगळे रबरी. कडक लोखंडी पट्टीने पाइप चासीला वेल्ड करून टाकणारे कारागीर आहेत. हात जोडून नको म्हणा.

वेल्डिंगबद्दल बोलताना एमएससाठी सीओटू वेल्डिंग मागा, स्टेनलेससाठी आर्गन. 304 चा जोड असेल तर पाइपच्या आतूनही आर्गन सोडायला सांगा, नाहीतर आतल्या बाजूला वेल्ड करपून खडबडीत होतो आणि तिथूनच चीर सुरू होते. गाडीवर वेल्ड करायची वेळ आलीच तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, वेल्डिंगचं अर्थिंग जोडाच्या अगदी जवळ लावा, आणि आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा.

नट घट्ट करताना मॅनिफोल्डच्या मधल्या स्टडपासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जा, दोन-तीन फेऱ्यांत. धाग्यांना कॉपर ग्रीस लावा. पुढच्या वेळी उघडणारा तुम्हाला दुवा देईल, आणि तो बहुधा तुम्हीच असाल. पाइपला कापडी पट्टी गुंडाळायची फॅशन आहे, पण एमएस पाइपवर ती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि पाइप आतल्या आत सडतो.

सायलेन्सर आणि केबिनमधलं घुमणं

सरळ आरपार, भोवती काचलोकर भरलेला सायलेन्सर सगळ्यात कमी अडवतो. कप्प्यांचा, वायूला फिरवत नेणारा सायलेन्सर जास्त अडवतो पण खालच्या पट्टीतला आवाज चांगला मारतो. हा फरक पिकअपमध्ये महत्त्वाचा, कारण चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेरीत दोन स्फोट होतात. 1800 आरपीएमला सेकंदाला 60, 2400 ला 80. नेमक्या याच वेगात तुम्ही बायपासवर तासन्‌तास चालवणार, आणि 60 ते 80 हर्ट्‌झचा हा आवाज केबिनच्या पत्र्यात घुमतो. काचलोकर त्याला फारसं काही करत नाही. पहिले चार दिवस भारदस्त वाटतं, नंतर साताऱ्यापर्यंत डोकं उठतं.

म्हणून पिकअपला मी चांगल्या मापाचा कप्प्यांचाच सायलेन्सर सुचवेन: कंपनीच्यापेक्षा एक माप मोठं तोंड, आणि लांबी-रुंदी जागेत बसेल तेवढी मोठी. सायलेन्सरच्या तळाशी सगळ्यात खालच्या जागी तीन मिलिमीटरचं भोक असू द्या, पाणी निघून जातं. तरीही घुमत असेल तर पाइपला एक बंद टोकाची शाखा जोडता येते. 300 अंशांच्या वायूत आवाज सेकंदाला सुमारे 480 मीटर जातो, त्यामुळे 80 हर्ट्‌झ मारायला शाखेची लांबी तरंगलांबीच्या पाव भागाएवढी, म्हणजे दीड मीटर लागते. पिकअपच्या लांब चासीत ही जागा निघते, हा तिचा छोट्या गाड्यांवरचा फायदा.

कायदा, पीयूसी आणि पासिंग

नियम 120 प्रमाणे प्रत्येक गाडीला सायलेन्सर हवाच. नियम 112 प्रमाणे धूर मागे किंवा उजवीकडे सुटला पाहिजे, खाली किंवा डावीकडे नाही. डावीकडे फुटपाथ आणि बसथांबा असतो. म्हणजे चाकाच्या पुढे डावीकडे तोंड काढायची कल्पना बाद. आवाज आणि प्रदूषणाची मर्यादा मोडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली पहिल्याच वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स तीन महिने निलंबित होऊ शकतं. पुणे वाहतूक पोलीस जप्त केलेले कर्कश सायलेन्सर रोलरखाली चिरडतात, ते बहुतेक बुलेटचे असतात, पण पिकअपला सवलत आहे असं समजू नका. कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. मूळ जागी, मूळ मार्गाने, मूळ आवाजाच्या जवळपास राहणारी दुरुस्ती करा, म्हणजे पासिंगला इन्स्पेक्टरच्या नजरेत भरण्यासारखं काही उरत नाही.

पीयूसीत डिझेलच्या धुराचा काळेपणा मोजतात. बीएस-4 पूर्वीच्या गाडीला मर्यादा 65 एचएसयू (हार्ट्रिज स्मोक युनिट, काळेपणाचं एकक), बीएस-4 ला 50. काम सुरू करण्याआधी एकदा पीयूसी करून आकडा लिहून ठेवा, काम झाल्यावर त्याच केंद्रावर पुन्हा करा. दोन्ही वेळा गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून, तापवून न्या. थंड इंजिन आणि काजळी भरलेला पाइप घेऊन गेलात तर आकडा उगाच फुगतो.

चाचणी

मॅनोमीटर पुन्हा जोडा, आधीचा आकडा आणि आताचा आकडा शेजारी लिहा. मग रस्ता. तोच माल, तीच माणसं, तोच गिअर, तोच चढ. कात्रजचा जुना घाट किंवा दिवे घाट चढताना ठरावीक वळणापासून ठरावीक वळणापर्यंत कोणत्या गिअरमध्ये गेली, धूर आरशात दिसला का, एवढं पुरतं. रहदारी कमी असताना, सकाळी लवकर. नवीन कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणारा उतार ही चाचणीची जागा नाही, तिथे फक्त ब्रेकवर लक्ष ठेवा.

पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर मॅनिफोल्डचे आणि फ्लँजचे नट पुन्हा एकदा तपासा, हमखास अर्धा फेरा घेतात. अगरबत्तीही पुन्हा फिरवा. हँगरला पाइप एका बाजूला ओढला गेलाय का पाहा. नवीन रंगाचा आणि तेलाचा वास पहिले दोन दिवस येतो, तो जाईल. केबिनमध्ये डिझेलच्या धुराचा वास येत राहिला तर काचा उघड्या ठेवून गाडी गॅरेजला आणा आणि फायरवॉलच्या खालचा जोड आधी बघा.

जुना सायलेन्सर लगेच भंगारवाल्याला देऊ नका. पुढचं पासिंग होईपर्यंत घराच्या मागे पडू द्या. त्याच्यावरचे हँगरचे ब्रॅकेट आणि फ्लँज नव्याला कापून लावता येतात, आणि ते बाजारात सुटे मागायला गेलात तर मिळत नाहीत.